चार हजार फोटो, बावीस मिनिटं

नाही नाही ताई, सापडते ना, काहून नाही सापडणार, तुम्ही बसा तर खरं — हुडकेश्वरच्या हॉलमधलं लग्न ना, फेब्रुवारीतलं? आणि तुम्ही प्रीती, नवरी. मेकअप नाही ना आज, म्हणून ओळखू नाही आल्या. हे पाहा, तुमचे चार हजार फोटो होते, सगळे रॉ — रॉ म्हणजे कच्चा माल, कॅमेऱ्यातून जसा निघाला तसा, जडच्या जड. पहिले मी एक-एक उघडत बसत होतो, चहा पिऊन आलो तरी ते गोल फिरूनच राहिलं. आता नवं सॉफ्टवेअर टाकलं, नवं ग्राफिक कार्ड टाकलं — बावीस मिनिटं, सगळे. तुमची पांढरी साडी फ्लॅशमध्ये पार चुना होऊन गेली होती, त्यानं टाका न् टाका दिसाले लावला. इतवारीत जाऊन विचारा, आहे का कोणाजवळ एवढी स्पीड. नाही.

हाव, बाबाचा फोटो. मागच्या गुरुवारी गेले म्हणता — अरे अरे. रविवारी पुण्यानुमोदन, तिथं लावाचा. मोबाईलमध्ये नाही एकबी? काढूच देत नव्हते? फक्त लग्नात उभे राहिले, तुम्ही म्हटलं म्हणून — मग तर इथंच असतील. कोणते हो बाबा, ते काळ्या चष्म्यावाले? रामटेकहून आले होते, तुम्ही हात धरून स्टेजवर आणलं होतं? आठवले ना. लय गोड माणूस. मीच तर म्हटलं त्यायले, काका, चष्मा काढा, फ्लॅश चमकून राहिला. नाही म्हणत होते. मी म्हटलं, पोरीच्या लग्नात एवढंही नाही करणार का. मग काढला, खिशात ठेवला. वीस-पंचवीस तरी काढले असतील मी.

थांबा. नाहीत. हं — समजलं, समजलं. सोपं आहे ताई, सॉफ्टवेअर पहिले छाटणी करते, ज्याचे डोळे मिटलेले तो फोटो बाद. म्हणून तर बावीस मिनिटं, नाहीतर माझे दोन दिवस जातात. आता त्याले का माहीत माणूस आंधळा आहे, त्याले वाटलं पापणी पडली. चष्मा असता तर ठेवले असते, चष्म्यावाल्याले ते हात नाही लावत — म्हणजे मी तो काढाले लावला — असो, फोटोच्या हिशोबानं बरोबरच होतं ते.

बाद झालेले कोण ठेवते ताई? तेव्हाच उडवले. हार्ड डिस्क का तुमच्या एकट्यासाठी आहे? अल्बम आला तेव्हा पाहाचं ना. पाह्यला? मग बोलल्या काहून नाही? — वाटलं नंतर मागून घेऊ. आणि बाबाले काय सांगितलं — त्यायचं बोट धरून पानावर ठेवलं, 'हे पाहा बाबा, इथं तुम्ही'? कोणत्या फोटोवर ठेवलं, जेवणाच्या काउंटरच्या? बरं केलं. त्यायले का दिसत होतं.

रडू नका ना आता, दुकानात लोक आहेत. एक आहे पाहा — ग्रुपचा, कोपऱ्यात उभे आहेत, अल्बममध्ये नव्हता घेतला. ग्रुपमध्ये ते बाद नाही करत, मिटलेले डोळे उघडून देते, आपोआप. पाहा. मोठा करतो. कोणाचे डोळे ते मले नाही माहीत, बाजूच्या त्या मामाचे असतील, काय फरक पडते — चमक पाहा ना, सरळ कॅमेऱ्यात पाहून राहिले. तुम्ही तरी आजवर पाह्यलं का त्यायले असं? बारा बाय अठरामध्ये बढिया येईन, शनिवारी घेऊन जा.

नको? काहून? — मिटवून द्या म्हणता. नाही होत ताई. उघडाचं बटन आहे, मिटवाचं नाही, आणि याचाही कच्चा माल तेव्हाच उडवला. फोटोतल्या बाबाच्या तोंडाजवळ काय पाहून राहिल्या एवढं, स्क्रीनले हात नका लावू, डाग पडते.

बरं, उठा मग, मागं लाइन आहे. या दादाजी, बसा. कोणाचं लग्न?