वणी, व्हाया वायनरी

नाही, पण तुम्हीच सांगा, खोटं बोलायचं गावच्या ज्येष्ठ नागरिक संघानं आणि निस्तरायचं कुणी, तर मी? का, तर म्हणे, तू तसाही वाया गेलेला आहेस!

तुम्हाला सांगतो, आमच्या राहुरीकडच्या ह्या म्हाताऱ्यांनी सहल काढली. कुठं? कोपरगावच्या पुढं, एका वायनरीत. द्राक्षाचे मळे बघायचे, गाईड सगळं समजावणार, मग तऱ्हेतऱ्हेची वाईन चाखायची... आता वाईन चाखायला चाललोय असं घरी सांगायची छाती आहे का एकाची? मिशा एवढाल्या, पण नाही! हेच लोक पारावर बसून मला संस्कार शिकवतात. मग आमचे तीर्थरूप आप्पासाहेब, संघाचे अध्यक्ष, त्यांनी तोडगा काढला. घरोघरी सांगायचं, वणीला देवीच्या दर्शनाला चाललोय. वायनरी, वणी... जीभ घसरली तरी खपून जातं! आणि सोबत मी कशाला? तर परत येताना एक तरी माणूस शुद्धीवर पाहिजे. इंजिनिअरिंगला यांनी घालायचं, एम-थ्रीच्या गणितात मी अडकायचं, कॉलेज सोडलं की आहेच, तू तसाही वाया गेलेला, चल.

झालं, सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर दारात उभी, आणि ड्रायव्हरशेजारी कोण? आमची चांगुणा आत्या! आप्पासाहेबांची थोरली बहीण, आमच्याकडंच असते, आई गेल्यापासून मला हिनंच वाढवलेलं. नवं लुगडं, पायात चप्पल नाही, मांडीवर देवीच्या ओटीची पिशवी. म्हणाली, वणीला चाललाय ना, मी बी येते. आता सांगा की खरं! पण आप्पासाहेब ड्रायव्हरकडं बघतायत, ड्रायव्हर आरशाकडं, संघातले कारभारी तात्या कोरडा चष्मा पुसतायत... आणि गाडी निघाली. रस्ताभर आत्या विचारतेय, गड दिसला का रं, आणि मागं अख्खा संघ झोपेचं सोंग घेऊन!

तिथं पोचल्यावर तिला सांगितलं काय, तर पाय मोकळे करायला थांबलोय, तू बस गाडीतच. आत रुपाली म्हणून गाईड, बिचारी किती गोड समजावत होती, काका, ग्लास असा हलवा, आधी वास घ्या, सांगा बरं कशाकशाचा येतोय... तात्यांनी नाक आत घातलं आणि म्हणाले, मळीचा. अहो, उभा जन्म साखर कारखान्यात गेला, दुसरा कशाचा येणार? ती म्हणाली, चाखून झालं की ह्या भांड्यात थुंकायचं. यांनी वाईन सगळी गिळली आणि भांड्यात थुंकली तंबाखू!

दोन-तीन ग्लास झाल्यावर आप्पासाहेबांना बहीण आठवली. जा, आत्याला काय ते सांगून ये. म्हटलं, बहीण तुमची, तुम्ही सांगा. तर म्हणाले, "माझी इज्जत जाईल. तू तसाही वाया गेलेला आहेस."

गेलो. असा तापलेलो की आज एकेकाचं नाव घेऊन सांगणार होतो... तर गाडीत आत्या नाही! बघतो तर द्राक्षाच्या ओळीत उभी. घड हाताशी लोंबतायत आणि हिनं दोन्ही हात पाठीमागं धरलेले.

म्हटलं, "आत्या, ही वणी नाही. ही सगळी प्यायला आलीत."

"मला काय वास येत न्हाई व्हय?"

"मग चिड की जरा! आणि खा एखादा मणी, कोण बघतंय?"

"न्हाई खात मी. तू कालिजात गेला तवा सोडली. पोरगं पास झालं की देवीची वटी भरीन, तवर द्राक्ष न्हाई."

अहो, कॉलेज सोडून मला वर्ष झालं! म्हणजे हिनं जन्मभर... दर सीझनला ही द्राक्षांची ताटली माझ्याकडं सरकवायची, आणि मी गाढव समजायचो, हिचे दात आंबतात.

"मग आता कशाला चाललीस वणीला?"

"तिला सांगाया. म्हनावं, पास-बिस ऱ्हाऊ दे. ह्यो पुन्यांदा हसाय-बोलाय लागू दे, तेवढ्यावर भागव."

म्हटलं, "चल, आत्ताच जाऊ."

रुपालीला विचारलं, वणीला कसं जायचं, तर म्हणाली, रिकाम्या क्रेटची पिकअप पिंपळगावला निघालीय, तिथनं वणीची एसटी मिळेल. आप्पासाहेब ग्लास घेऊनच धावत आले, कुठं निघालात, लोक काय म्हणतील! म्हटलं, तुम्ही घरोघरी सांगितलंय ना वणीला चाललो म्हणून? मग कुणीतरी जाऊन यायला नको? मी तसाही वाया गेलेला, मी जातो!

गडावर म्हटलं ट्रॉलीनं जाऊ, तर नाही, पायऱ्यांनीच. निम्म्या पायऱ्या मी तिला धरून, निम्म्या ती मला. ओटी भरली, आणि डोळे मिटून देवीशी इतका वेळ हुज्जत घातली की मागची रांग कुरकुरायला लागली. खाली येऊन पावशेर द्राक्षं घेतली. तिनं एक मणी तोंडात टाकला, मी बघतोय, आता रडते की काय... तर म्हणाली, "आंबट हाय."

तुम्हाला सांगतो, एसटीत मी एकटाच येड्यासारखा हसत होतो. वाटलं, चला, फिटलं एकदाचं. कसलं फिटतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चहा केला, कप पुढं ठेवला, तर हिनं परत सरकवला. गडावर नवा नवस बोलून आलीय, पोरगं कामाला लागेपर्यंत चहा बंद! उठल्यापासून निजेपर्यंत चहावर चालणारी बाई ती... कपाळाला फडकं बांधून बसलीय. तेव्हा मंडळी, कुणाकडं काही काम असलं तर बघा... कसलंही चालेल. तिचं डोकं लई दुखतंय हो.