नाकावर टिच्चून हेडर

...नाही, पण हसायचं किती माणसानं? काही मर्यादा? अहो, माझी गाडी जुनी आहे, मान्य! सासूबाईंच्या घराचा चढ आला की धापा टाकते, तेही मान्य! पण म्हणून सख्ख्या मेव्हण्यानं स्वतःची नवीकोरी गाडी वर लावून खाली यायचं, आणि माझ्या चालत्या गाडीच्या खिडकीशी चालत चालत गप्पा मारायच्या? चालत! हात मागे बांधून! "काय दाजी, दमलात? टेकता का जरा?" वर दारात सासूबाई हसतायत, ते एक वेळ सोडा... पण शेजारी बसलेली माझी बायको! तोंड खिडकीकडे फिरवलं होतं तिनं, पण खांदे हलताना दिसत होते ना मला!

तिथंच ठरवलं. पुढच्या रविवारी याच चढावर याला धूळ चारायची.

हेडर मागवलं. हेडर म्हणजे काय, तर इंजिनातला धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या. मूळच्या असतात त्या बिडाच्या, नुसता ठोकळा, धूर आतच गुदमरतो. या बाहेरच्या, चकचकीत, लांबसडक! इंजिन मोकळा श्वास घेतं, गाडी पळते आणि आवाज म्हणाल तर... आहाहा! बायको म्हणाली, "अहो, हे काय आणलंत?" म्हटलं, "तुझ्या भावाला उत्तर!"

मिस्त्रीकडे गेलो. जुने नट असे गंजलेले, की तेल पाजलं, ठोकलं, शिव्या दिल्या, ढिम्म! मग मी स्वतः पाना घेतला. प्रत्येक नट मेव्हण्याचा कान समजून पिळला. एक तुटला! काय आनंद झाला म्हणून सांगू... पण अर्धा आतच राहिला, तो कोरून काढण्यात सगळी दुपार गेली, हाताची सालटी निघाली. आणि हे सगळं कोणासाठी? मेव्हण्यासाठी!

मग नळ्या बसवायला घेतल्या, तर मिस्त्री खोकं उलटंपालटं करून बघतोय. "साहेब, हे डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीचं आहे."

"मग?"

"तुमचं उजवीकडे आहे."

एक नळी बरोब्बर स्टिअरिंगच्या दांड्याच्या वाटेत! म्हणतो, "बदलून आणा." बदलून? रविवार तोंडावर आलाय आणि बदलून? म्हटलं, "ठोक!" त्यानं ठोकली, चेपली, बसवली, चाक फिरवून बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "डावीकडे झकास वळते. उजवीकडे जरा कमी."

"किती कमी?"

"वळत नाही म्हणा ना."

म्हटलं, चालेल! चढ सरळ आहे! माणूस सुडानं पेटला की उजवी बाजू दिसतच नाही हो त्याला. आणि हे सगळं कोणासाठी? मेव्हण्यासाठी!

रविवार उजाडला. बायको म्हणाली, "मी रिक्षानं येते." ये, म्हटलं! चढावर गाडी घातली आणि काय गरजली! खिडक्या थरथरल्या, कुत्री पळाली, मेव्हणा गेटपाशी आ वासून उभा! मी असा ऐटीत हात हलवला, आणि तेवढ्यात आठवलं... गेट उजवीकडे!

चाक फिरवतोय, फिरतंय कुठं? गेलो की तसाच पुढे! मग डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, की आलो परत चढाच्या पायथ्याशी. पुन्हा गर्जना, पुन्हा गेट, पुन्हा पुढे! तिसऱ्या फेरीला सासूबाईंनी खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या. चौथ्या फेरीला टाळ्या! शेवटी कंटाळून गाडी रस्त्यातच बंद केली.

मेव्हणा धावत आला. म्हटलं, आता जळणार, आता तोंड काळं पडणार... तर त्यानं मला मिठी मारली! डोळ्यांत पाणी! "दाजी, काय आवाज काढलाय! आणखी एक चक्कर मारा ना!"

आता मला सांगा, सूड घ्यायचा तर समोरच्याला थोडा तरी राग यायला नको? हा तर नवी गाडी विकून जुनी घेतोय! माझ्यासारखीच! तिलाही हेडर लावणार! निवडायला कोण जाणार? मी! नट पिळायला? मीच! ऐकलात हॉर्न? न्यायला आलाय खाली.

आलो रे बाबा... पाना घेऊन आलो!