हिरव्या फ्रॉकच्या खांद्यावरचा टाका

तंबू शिवणारे नागोजीराव १९९६ साली, संक्रांतीनंतरच्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी बुडाले. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांची मुलगी वाचवताना बुडाले. पोलिसांच्या कागदावर मात्र लिहिलंय, दारूच्या नशेत आंघोळीला उतरला. हे खोटं आहे, आणि ज्यांनी खरं डोळ्यांनी पाहिलं ती माणसं बेंगळूरमध्येच राहतात. पुढचं बोलणं नागोजीरावांच्या पत्नी सुभद्राबाईंचं. तीन वर्षं ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

आम्ही शिंपी. कुठल्या तरी फौजेबरोबर तंबू शिवायला आलो आणि इथेच राहिलो म्हणतात, किती पिढ्या झाल्या देवाला ठाऊक, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असं आमचं. माझे सासरे बसवनगुडीच्या मागच्या गल्लीत लग्नाचे शामियाने शिवायचे, मग आमचे हे शिवायला लागले. यांचं आजोळ बेळ्ळंदूरला, तेव्हा तिथे नुसती शेतं आणि तळं, त्या तळ्यात हे पोहायला शिकले, तेवढंच यांचं पोहणं. समुद्र म्हणजे काय ते यांनी पाहिलं चाळिशी उलटल्यावर, ते पण कामासाठी.

कारण काय, सगळी लग्नं कल्याण मंटपात, म्हणजे हॉलमध्ये, व्हायला लागली, शामियाना कोण घालणार? घरात मशीन गप्प. तेवढ्यात एक मालक आला, नाव नाही घेत मी त्याचं, म्हणाला अण्णा, कारवारच्या बाजूला मासे धरणाऱ्यांचं एक गाव आहे, फार शांत, तिथे मी सुट्टीचा कॅम्प काढतोय, माडाखाली सहा लाकडी केबिन आणि वाळूवर तंबू, तंबू तुम्ही शिवा आणि सीझनला येऊन उभारून द्या. हे कधी नव्हे ते हसले. जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा, पितळेच्या कड्या, सगळं घर त्या मेणाच्या वासाने भरलं. लता, माझी मुलगी, म्हणायची, अम्मा, आपण देवळात राहतो का मेणबत्तीच्या कारखान्यात.

गावाहून परत आले की हे समुद्राचंच बोलायचे. तिथे गंगम्मा म्हणून मासे विकणारी बाई, तिचं आणि यांचं चांगलं जमलं, तिनेच यांना तिथली रीत सांगितली. खाडीच्या तोंडाशी एक काठी रोवलेली. ओहोटीला आतली ओढ वाढली की म्हातारा तांडेल, म्हणजे होड्यांचा पुढारी, तिथे लाल फडकं बांधायचा, मग त्या पाण्यात कुणी पाय घालायचा नाही, भांडी विसळायला सुद्धा नाही; कॅम्पच्या पाहुण्यांना पण गाववाले हेच सांगायचे. आणि ते फडकं लांबून दिसावं म्हणून त्या किनाऱ्यावर दुसरं लाल काही ठेवायचंच नाही. बायका लाल लुगडं वाळत घालायच्या ते घरामागे. गंगम्मा यांना म्हणाली, ए टेलर, तुझ्या बेंगळूरला लाल दिव्याला गाड्या थांबतात ना, तसंच हे, फक्त इथे दंड घ्यायला पोलीस उभा नसतो.

आता जे सांगते ते पण लिहा. ही लिहून घेणारी पोरगी म्हणाली, अक्का, हे गाळूया, मालकाच्या कंपनीला फावेल. मी म्हटलं नाही, गाळायचं असेल तर मग काहीच लिहू नको.

त्या वर्षी मालकाला पताका पाहिजे होत्या, जाहिरातीच्या फोटोसाठी, सगळ्या किनाऱ्यावर ओळीने. हे मला दोनदा सांगून गेले, सगळ्या हळदीच्या रंगाच्या कर, लाल एक पण नको. सरी, बरं म्हटलं. आणि पिवळं कापड कमी पडलं, काय सांगू तुम्हाला, सात-आठ हातच कमी पडलं. कपाटात एका जुन्या शामियान्याच्या झालरीचं लाल कापड होतं, कोरं, सुरेख. शिंप्याच्या घरात कापड टाकत नाहीत, हे आम्हाला जन्मापासून शिकवलेलं. मला कारण माहीत होतं, नव्हतं असं नाही. पण मी इथे, बसवनगुडीच्या गल्लीत, मशीनवर बसलेली, मला त्या काठीचं काय दिसणार? मी म्हटलं मधेमधे थोडं लाल, स्वल्प बरं दिसेल. शिवलं, गाठोडं बांधलं, आणि यांनी बसला निघताना ते तसंच उचललं, उघडून पाहिलं नाही. बायकोवर विश्वास होता.

शनिवारी तिथे मालकाने गाठोडं उघडलं आणि माणसं लावून पताका बांधून पण घेतल्या. हे म्हणाले, सर, लाल काढू द्या, गावाची रीत आहे. मालक म्हणाला, नागोजी, तू तंबू शिव, समुद्राचं मी बघतो. हे गंगम्माने सांगितलं मला, ती तिथेच मासे घेऊन उभी होती.

यांनी ऐकलं नाही त्याचं. रविवारी सकाळी कात्री घेऊन एका टोकापासून लाल तेवढ्या कापत निघाले. निम्म्या किनाऱ्यापर्यंत गेले असतील. तेवढ्यात पाहुण्यांची एक मुलगी रडत आली, नऊ-दहा वर्षांची, तंबूच्या खुंटीत अडकून तिच्या हिरव्या फ्रॉकचा खांदा फाटला होता, आई मारेल म्हणाली. यांनी कात्री बाजूला ठेवली. गंगम्माच्या शेजारी वाळूत बसून त्याच तंबूच्या दोऱ्याने, मेणाच्या जाड पांढऱ्या दोऱ्याने, तिचा खांदा शिवून दिला. गंगम्मा म्हणाली, पोरीला फ्रॉक शिवतोस का पोतं? हे म्हणाले, पोतंच, आता फाटून दाखव म्हणावं.

पोरगी पळाली ती सरळ खाडीच्या तोंडाकडे. तांडेलचं फडकं काठीला लावलेलं होतं. पण तिकडच्या ओळीत माझ्या लाल पताका अजून तशाच होत्या, त्यात ते एक कुणाला कळणार? बाप वाळूत बुटासकट उभा राहून ओरडत होता. आमचे हे तळ्यात पोहलेले, ते गेले आत. पोरीला खांद्याला धरून ओढलं, त्या शिवलेल्या खांद्याला, आणि गंगम्मा कमरेएवढ्या पाण्यात आली होती तिच्या हातात दिली. मग ओढीने यांना नेलं. संध्याकाळी सापडले, पलीकडच्या किनाऱ्याला.

दुपारी बारालाच पाहुण्यांची बस सुटली होती. एकाने पण थांबून सांगितलं नाही काय झालं ते. कंपनीच्या माणसाने ठाण्यात सांगितलं, आमचा कामगार प्यायलेला होता. यांना खोकल्याचं औषध दोन चमचे दिलं तरी दिवसभर पेंगायचे, हा माणूस पिणार? गंगम्मा आणि तांडेल ठाण्यात गेले, तर पोलीस त्यांना म्हणाले, तुम्हाला कॅम्प नकोच आहे, तुम्ही काहीही सांगाल. मी मालकाच्या ऑफिसात गेले, म्हटलं त्या दिवशीच्या पाहुण्यांची नावं द्या. म्हणाला, अक्का, चांगल्या घरातली माणसं आहेत, त्यांना कशाला त्रास.

मग आम्ही कुठल्या घरातली?

लता आता आनेकलला कपड्याच्या फॅक्टरीत जाते, सकाळच्या बसने. दोन ठिकाणची माणसं बघायला आली, मुलगी आवडली, मग परत निरोप आला, बाप पिऊन मेला म्हणे. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, अम्मा, आता कुणाला बोलावू नको. चहाचे कप तिने एकटीने धुतले. मी अजून मशीनवर बसते, उशांचे अभ्रे शिवते. लाल कापड कुणी आणलं तर परत देते.

माझी चूक मी सांगितली. मी लाल शिवलं. ते ओझं माझं, मी मरेपर्यंत वाहीन, त्यात कुणाची वाटणी नको मला. पण त्या बसमधल्या पाहुण्यांनो, जे तुम्ही पाहिलं ते मी कसं सांगू? ते तुमचंच आहे.

तुमच्या कपाटात एक हिरवा फ्रॉक असेल. पोरगी आता मोठी झाली असेल, फ्रॉक तिला होत नसेल, कुणाला दिला पण असेल, नाहीतर आठवण म्हणून ठेवला असेल. खांद्यावर बघा. जाड पांढरा दोरा आहे, मेणाचा, ओबडधोबड दिसतो, पण सुटलेला नाही. प्यायलेल्या माणसाच्या हातून असा टाका पडत नाही. तो फ्रॉक घेऊन त्या ठाण्यात जा, आणि पोरीचा बाप असाल तर स्वतःच्या नावाने लिहून द्या की नागोजी शुद्धीत होता, आणि तुमच्या मुलीसाठी पाण्यात गेला. पोरगी सुखात राहू दे. पण लिहून द्या.