अकरा नंबरची खुंटी

रुइफन : आई, बॉल कुठे ठेवलात?

सासूबाई : जिथे तुझा हात पोचणार नाही तिथे.

रुइफन : या घरात माझा हात पोचत नाही अशी एक जागा दाखवा.

सासूबाई : उंचीचा तोरा मला नको दाखवूस. वर नाही ठेवलाय, खाली ठेवलाय. आणि महिना पुरा होईपर्यंत तुला वाकायची बंदी आहे. मोजे कुठे गेले?

रुइफन : काढले. खोली इतकी तापवलीत की तळव्यांना घाम येतो.

सासूबाई : येऊ दे घाम. बाळंतिणीच्या तळव्यातून गारवा शिरला की म्हातारपणी गुडघे रडतात. पाओशानच्या वेळी मी दोन दिवस हट्टाने मोजे काढले होते. आज तुझा नवरा तीस वर्षांचा झाला आणि मला अजून जिना चढवत नाही.

रुइफन : माझे गुडघे अठराव्या वर्षापासून रडतायत. त्यांना मोजे नकोत, सराव हवाय.

सासूबाई : सराव म्हणे. काल दुपारी खालची तिंगबाई वर आली होती. म्हणाली, तुमच्याकडे दिवसभर कोण काय कुटतंय? आता बाळंतीण पलंगावर बसून बॉल आपटते हे मी कोणत्या तोंडाने सांगू? सांगितलं, तिरफळं कुटतेय.

रुइफन : पटलं तिला?

सासूबाई : संध्याकाळी वाटी घेऊन आली. थोडी द्या म्हणाली. बाजारातून आणून द्यावी लागली मला. थांब, बेल वाजली. तू आतच बस. तुझे थांग कोच असतील, येणार म्हणाले होते.

(यांगच्वान, कोळशाचं गाव, ऐन हिवाळा. बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर लाल फडकं टांगलेलं, म्हणजे परक्याने आत पाऊल टाकायचं नाही. रुइफनच्या बास्केटबॉल संघाचे थांग कोच अंड्यांची करंडी घेऊन बाहेरच्या खोलीत टेकतात. दार बोटभर उघडं. बोलणं त्या फटीतून, आणि फटीशी सासूबाई पहाऱ्याला.)

थांग : अभिनंदन, ताई. अंडी गावाकडची आहेत. लाल साखरही आणलीय.

सासूबाई : कशाला एवढं. चहा घ्या. आवाज तेवढा खाली ठेवा, पोर आत्ता कुठे झोपलीय.

थांग : पाय कसे आहेत तिचे?

सासूबाई : दोन आहेत.

थांग : लांब आहेत का, विचारतोय. आईवर गेली असेल तर दहा वर्षांनी माझ्या हवाली करा. रुइफनला मी अशीच उचलली होती, अकरा वर्षांची असताना, नुसतं मनगट मोजून. भुईमुगाच्या शेतातून.

रुइफन : मक्याच्या शेतातून, कोच. मनगट मोजलंत आणि माझ्या बापाला म्हणालात, पोरीला रोज दूध मिळेल. तेवढ्यावर बाप तयार झाला.

थांग : जागी आहेस होय. तब्येत काय म्हणते?

रुइफन : आई, त्यांना विचारा, सरावाला कधीपासून यायचं.

सासूबाई : ती विचारतेय...

थांग : ऐकलं मी, ताई.

सासूबाई : ऐकलं असलं तरी मी सांगणार. बाळंतिणीने परक्या पुरुषाशी ओरडून बोलू नये. ती विचारतेय, सराव कधीपासून.

थांग : तिला म्हणावं, घाई काय आहे. आधी पोरीचा महिना होऊ दे. हॉटेलात किती टेबलं सांगितलीत?

सासूबाई : आठ. पोरीच्या नावाने लाल रंगवलेली अंडी वाटायची ती वेगळी.

थांग : झकास. क्लबचे मोठे साहेब स्वतः येतायत त्या दिवशी. रुइफनची जर्सी काचेत मढवून आणणार, अकरा नंबरची. छोटंसं भाषण होईल. पेपरवालाही येईल. पाओशानचं आणि माझं सगळं बोलणं झालंय.

सासूबाई : सांगितलंय मला त्याने. सत्कार आहे म्हणाला. मी माझ्या माहेरच्या झाडून सगळ्यांना बोलावलंय. लग्नात म्हणत होते, एवढ्या उंच बाईला सून कशाला करतेस, दिवा बदलायला? आता बघू देत. हिला मुद्दाम बोलले नव्हते, म्हटलं त्या दिवशीच कळेल.

रुइफन : आई, त्यांना विचारा, खेळणाऱ्या माणसाची जर्सी काचेत कधीपासून घालायला लागले?

सासूबाई : ती विचारतेय... थांबा. खरंच की. काचेत घातलीत तर ती अंगात काय घालणार?

थांग : ताई, तोच तर मान असतो. बारा वर्षं खेळली पोरगी. आता छान वाजतगाजत निरोप द्यायचा.

सासूबाई : निरोप? पाओशान सत्कार म्हणाला.

थांग : निरोपाचाच सत्कार.

सासूबाई : आणि हे त्याला ठाऊक होतं?

थांग : त्याला तिची काळजी आहे, दुसरं काय. हे बघा, क्लबने नोकरीसुद्धा काढलीय. मुलींच्या क्रीडाशाळेत, कार्यालयात. पक्की. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पोर तुमच्यापाशी. फिरती नाही, धक्काबुक्की नाही.

सासूबाई : रुइफन, नोकरी वाईट नाही गं. पक्की म्हणतायत.

रुइफन : वाईट नाहीच. चाळिशीत घेईन. आई, आता हे विचारा, आज सकाळच्या सरावात अकरा नंबर कुणाच्या अंगावर होता?

सासूबाई : ती विचारतेय, अकरा नंबर कुणाच्या अंगावर होता.

थांग : चहा फार चांगला झालाय, ताई.

सासूबाई : चहा कुठे पळत नाही. तिला उत्तर द्या.

थांग : एक नवी मुलगी घेतलीय. शान्तुंगची. एकोणीस वर्षांची, रुइफनपेक्षा चार बोटं उंच. तिला अकराच हवा होता, तिकडे तिचा तोच होता म्हणे. आपल्याकडे रिकामा होता, दिला.

रुइफन : रिकामा नव्हता. मी बाळंत होत होते.

थांग : रुइफन, भावनेच्या भरात बोलू नकोस. तू एकतीस वर्षांची. बाळंतपणानंतर बाईची हाडं सैल पडतात, कुठल्याही डॉक्टरला विचार. बास्केटखाली एक धक्का बसला की आयुष्यभर लंगडशील. मी तुझ्या भल्याचं बोलतोय.

सासूबाई : हाडांचं काय म्हणालात?

थांग : सर्वसाधारण बोललो, ताई. सैल पडतात, पहिल्यासारखी राहत नाहीत.

सासूबाई : कोचसाहेब, हे बाळंतपण माझ्या हातचं आहे. पहाटे उठून डुकराच्या पायांचं सूप, शेंगदाणे घालून. तिन्ही त्रिकाळ राळ्याची पेज. गरम केल्याशिवाय पाण्याचा थेंब अंगाला लावू दिला नाही. केस धुते म्हणत होती, धुऊ दिले नाहीत. रोज मनातल्या मनात शिव्या देते मला. आणि माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन मला सांगताय की हाडं सैल पडली? तिची हाडं आज तुमच्या सगळ्या संघापेक्षा पक्की आहेत. हवी तर तुमची तपासून घ्या.

रुइफन : मनातल्या मनात नाही देत, आई. हळू आवाजात देते.

सासूबाई : ठाऊक आहे, ऐकलंय मी. तू गप्प राहा.

थांग : ताई, तुमच्या हाताला नाव ठेवलं नाही मी. पण हा खेळ आहे, स्वयंपाक नव्हे.

रुइफन : आई, जरा बाजूला व्हा. आता माझं मी बोलते.

सासूबाई : अगं, दार ओलांडलंस? तेही अनवाणी? बाहेरची फरशी गार आहे.

रुइफन : असू दे. कोचनी माझ्याकडे वर बघून बोलावं असं वाटलं. फटीतून ते जमत नव्हतं. कोच, त्या अंतिम सामन्यात माझ्या गुडघ्यात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हिला उतरवू नका. तुम्ही म्हणालात, जवान हाडं आहेत, सुई द्या आणि उतरवा. मी उतरले. तेव्हा हाडं कुणाची होती?

थांग : कप आपण जिंकलो, रुइफन.

रुइफन : जिंकलो. कपाच्या फोटोत मी नाही, मी स्ट्रेचरवर होते. त्याची तक्रारही नाही माझी. बारा वर्षं मी बास्केटखाली भिंतीसारखी उभी राहिले. बॉल दुसऱ्यांनी टाकले, टाळ्या दुसऱ्यांना मिळाल्या, बरगड्या माझ्या शेकल्या. मला तेच आवडतं. कुणीतरी पूर्ण जोर लावून अंगावर येतं आणि मी हलत नाही, त्या वेळी मला जेवढं बरं वाटतं तेवढं कशातच वाटत नाही. पोर झाल्यावरही नाही, खरं सांगते. ते तुम्ही काचेत घालून भिंतीवर टांगणार, आणि मी शाळेत बसून पोरींच्या बुटांचे हिशेब लिहिणार. मला विचारलंत तरी का? नवऱ्याला विचारलंत. सासूला खोटं सांगितलंत.

सासूबाई : मला खोटं सांगितलंत ते मी विसरणार नाही. पाओशान संध्याकाळी कामावरून येऊ दे घरी.

थांग : मी आता काय करू शकतो? नावं नोंदवून झाली, जर्सी शिवून आल्या. वरच्यांनी ठरवलंय.

सासूबाई : कोचसाहेब, लग्नाच्या आधीपासून ते निवृत्त होईपर्यंत मी खाणीच्या दिवाघरात होते. दिवाघर बघितलंय कधी?

थांग : माझे वडील खाणीतच होते, ताई.

सासूबाई : मग तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते. एकेका माणसाचा एकेक दिवा, त्याचा नंबर, त्याची खुंटी. वर आला की माणूस आपल्या हाताने दिवा माझ्या खिडकीत द्यायचा, मग मी तो टांगायची. खुंटी रिकामी दिसली तर काय समजायचं?

थांग : माणूस खाली आहे.

सासूबाई : खाली आहे. नंबर मोकळा झाला असं समजायचं नाही. एकदा खाली छत बसलं, रस्ता बंद झाला. एक नवाकोरा मुकादम होता. म्हणाला, अमक्या नंबरची खुंटी कालपासून रिकामी आहे, नव्या माणसाच्या नावावर कर. मी केली नाही. तो ओरडला, मोठा साहेब ओरडला, रांगेतली माणसंही ओरडली. नाही केली.

थांग : आला का तो वर?

सासूबाई : आला. नुसते डोळे पांढरे दिसत होते. दवाखान्यात न्यायला माणसं उभी होती, तो आधी माझ्या खिडकीशी आला, दिवा हातात दिला, आणि मग बसकण मारून रडला. तुमचे वडील असते तर तुम्हाला त्यांनीच झापलं असतं. तुमच्या क्लबला खाणीइतकीही रीत नाही?

थांग : वडिलांना मध्ये आणू नका, ताई.

सासूबाई : बरं, नाही आणत. पण तुम्हाला ते आठवले, ते तोंडावर दिसतंय.

रुइफन : माझा करार पुढच्या हिवाळ्यापर्यंत आहे, कोच. नव्या वर्षाचा वसंतोत्सव झाला की मी सरावाला येते. ती शान्तुंगची मुलगी आणि मी, बास्केटखाली, तुमच्यासमोर. ज्या दिवशी ती मला जागची हलवेल त्या दिवशी अकरा नंबर मी तिला देईन. माझ्या हाताने, तिच्या हातात. तोवर तो माझा आहे. तिने घातला तर मी तिच्या पाठीवरून काढून घेईन, सगळ्यांदेखत.

थांग : आणि पहिल्याच दिवशी हलवलं तिने तर?

रुइफन : तर तुमची नजर अजून चांगली आहे असं म्हणेन आणि घरी येईन. तिला आठवडाभर पाठ शेकावी लागेल, एवढं सांगून ठेवा.

थांग : वरच्यांना मी काय सांगू?

सासूबाई : सांगा, माणूस अजून खाली आहे.

थांग : आणि त्या दिवशीच्या जेवणाचं?

सासूबाई : जेवायला जरूर या. साहेबांना घेऊन या, अंडी खा, पोरीला आशीर्वाद द्या. तसबीर मात्र दाराबाहेर. माझा नवरा काचेत आहे, माझा थोरला दीर काचेत आहे. जिवंत सुनेला मी त्यांच्या शेजारी टांगू देणार नाही.

थांग : विचारून बघतो. वचन देत नाही.

रुइफन : वचन कुणी मागितलंय? मी येतेय, एवढं तुम्हाला कळवलं.

थांग : अकरा वर्षांची होतीस तेव्हा इतकी बोलत नव्हतीस.

रुइफन : तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा उंच होतात.

सासूबाई : टोपी घाला, कोचसाहेब, जिन्यात वारा आहे. करंडी राहू द्या. अंडी तुमच्यावरचा राग जाईपर्यंत पुरतील.

रुइफन : गेले?

सासूबाई : गेले. जिन्यात थोडा वेळ उभे राहिले, मग गेले. तू अजून फरशीवरच.

रुइफन : आई, नोकरी बहुतेक गेली हातची.

सासूबाई : गेली असेल. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पक्की होती.

रुइफन : आणि ती पोरगी खरंच चांगली असेल. एकोणीस वर्षांची आहे. मला भीती वाटतेय.

सासूबाई : वाटणारच. मला रोज वाटायची, पाळी सुटायच्या वेळेला. खिडकी उघडी ठेवायची, दुसरं काय करणार.

रुइफन : पाओशानशी मी बोलेन.

सासूबाई : तू नंतर बोल. आधी मी त्याला धुऊन काढते, मग उरलेला तुझा. आता गॅलरीत जा, कोबीच्या ढिगाखाली अगदी तळाशी... नको, तू वाकू नकोस. मीच आणते.

रुइफन : कोबीखाली? सकाळपासून मी वरची फळी शोधत होते.

सासूबाई : हा घे. दगडासारखा गार पडलाय, आधी हीटरवर ठेव.

रुइफन : आणि तिंगबाई?

सासूबाई : सांगेन, तिरफळं अजून कुटून व्हायचीत. तिला आणखी एक वाटी आणून देऊ.

रुइफन : आई, मी...

सासूबाई : ते मागाहून सांग. आधी मोजे घाल.