भाता दाजींचा

…नाही, मी म्हणतो, जावयाचं कौतुक करावं, पण किती? तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूस नाही, शाळेत 'हजर' म्हणायलासुद्धा लाजायचो, म्हणून तर शाळा लवकर सुटली आणि फोटो स्टुडिओत लागलो. दिवसभर लोकांना 'हनुवटी वर घ्या, हसू नका' म्हणतो. घरात आमचा सगळ्यांचा फोटोही मीच काढलेला, बाबांच्या शिलाई मशीनच्या वर लावलेला… लावलेला होता! आता तिथे माशी आहे. माशीचा डोळा! हा एवढा, परातीएवढा! का? तर आमच्या दाजींनी भाता आणला!

भाता म्हणजे काय, तर कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायची काळी, घड्याघड्यांची नळी. ताणली की मुंगीचा हत्ती होतो. एवढंच! अहो, भाता काय, लोहाराकडेपण असतो!

पण बाबा? मला जन्मात कधी 'बरा आलाय' म्हणाले नाहीत, आणि माशी बघून म्हणतात, "वा जावईबापू, काय पाणीदार डोळा!" ताई शेजारणीला सांगते, "आमच्या यांना ना, बारीकसारीक फार दिसतं." दिसतं? मग दारातल्या माझ्या चपलेवर दर वेळी पाय देतात, ती नाही दिसत?

म्हटलं, आपणही दाखवू. ताईकडून भाता मागून आणला. "जास्त ताणू नकोस हं, यांचा जीव आहे त्यात!" खिडकीशी टेबल मांडलं, बाबांचीच एक सुई, निळा दोरा ओवलेली, स्पंजात टोचली. आणि काय सांगू! कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही! मध्ये भाता आला की त्याला पुढचं माणूस ओळखू येत नाही, अगदी आमच्या घरच्यांसारखं! मग सगळं हाताने. भाता ताणावा तितका उजेड कमी, केसभर सरकलं की सुई गायब… आणि शेजारी बाबांचं मशीन, खडखडखडखड! टेबल नाचतंय, सुई नाचतेय, मी नाचतोय…

"बाबा, जरा मशीन थांबवता?"

"आणि गिऱ्हाईकाला काय तुझा बाप उत्तर देणार?"

आता माझा बाप कोण, हे मी त्यांना सांगायचं? आणि माशीच्या वेळी हेच बाबा पाय वर घेऊन, श्वास रोखून बसले होते! अहो, भाता काय, लोहाराकडेपण असतो!

शेवटी देवच पावला. बाबांचा दोरा तुटला! मशीन गप्प. बाबा डोळे बारीक करून दोरा ओवतायत, तेवढ्यात मी दाबलं बटण!

स्टुडिओत मोठा छापून आणला. सुईचं नेढं दरवाजाएवढं, आणि त्यातून निघालेला निळा दोरखंड, पीळ न् पीळ दिसतोय! बाबांनी बघितला. मशीन थांबवून बघितला! बोट फिरवलं त्यावरून. "आयुष्य गेलं यात दोरा ओवण्यात," म्हणाले, "पण हे आतून असं असतं होय…" आवाज ओला. माझी छाती भात्यासारखी फुगली हो!

आणि पुढे म्हणतात, "कमाल आहे जावईबापूंची!"

"बाबा, हा मी काढला."

"हो रे, पण भाता कुणाचा?"

…संपलं. सुई बाबांची, भाता दाजींचा, भिंत आता माशीची आणि सुईची. माझं काय? खिळा! माशीशेजारचा खिळा मी ठोकला.

तोसुद्धा, बाबा म्हणाले, तिरका.