सुखदेवची चालूच राहणारी गाडी

सांग बरं गड्या, गाडीच्या बिघाडाबद्दल मालकाचं खरं मानावं की मिस्त्रीचं?

आसेगावचा सुखदेव सांभार, म्हणजे कोथिंबीर, अन् मेथी घेऊन वाशीमला यायचा आणि माझ्या दुकानापुढं मोटरसायकल चालूच ठेवून चहा प्यायचा. ती उभ्या जागी आचके देत भकभकायची.

"काहून पेट्रोल जाळून राह्यला बे?"

"बंद केली का चालू होत नाई, शेठ. कार्बोरेटर खराब हाये."

एकदा मी शेजारच्या मिस्त्रीलाच बोलावलं. त्यानं कार्बोरेटर साफ केला, स्क्रू फिरवून हवा-पेट्रोलचा मेळ जमवला. गाडी एका लयीत चालायला लागली. मग ती बंद करून तो म्हणाला, "मार आता किक."

सुखदेवनं दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय किकवर ठेवला. पाय तसाच घसरला.

"पायात जीव नाई राह्यला," तो हळूच बोलला. "गावात उतारावर सोडून चालू करतो. घरी सांगू नको. पोट्टे गाडी काढून घेतील, मंग बाजारात कसा यीन?"

मीच किक मारून दिली.

पुढं तो अंगणात पडला, तेव्हा घरी कळलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायचं होतं. आता सुखदेव खाटेवरच असतो, भाजी त्याचा पोरगा आणतो.

तू तरी घरच्यांपुढं दुखण्याचा हिशोब खरा ठेव, बाबा.