थोरली देऊन धाकटी

...आणि वर मलाच विचारतात, 'डॉक्टर, तुम्ही हात उचललात?' अहो, उचलला! उचलला म्हणजे काय, हाणला! सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडावर, चालत्या गाडीत, शोरूमच्या बाईच्या देखत हाणला आणि दात पाडला! वरचा, उजवीकडचा, सुळ्याच्या शेजारचा. एवढं नेमकं कसं माहीत म्हणून काय विचारता? दातांचा डॉक्टर आहे मी! तो दात मीच बसवला होता!

पण तुम्हाला सांगतो, मी मुळात शांत माणूस आहे.

एकतीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतोय. चावलेत मला लोक, कडकडून चावलेत. एका बँक मॅनेजरनं तर अंगठा असा धरला की नर्सला त्याचं नाक दाबावं लागलं, तेव्हा सुटला. तरी मी काय म्हटलं? 'थोडं मोठं उघडा, साहेब.' असा माणूस मी! आणि हे सगळं झालं कशावरून? जमिनीवरून? बाईवरून? छे हो... गाडीवरून!

आमची गाडी म्हणजे काळी, लांबलचक, चामड्याच्या सीटा, दार लावलं की आवाज नाही, नुसतं 'हुप्'. कंपनीची सगळ्यात मोठी सेडान. अकरा वर्षं झाली. त्याच कंपनीची एक लहान निघाली आहे, तेच नाक, तेच डोळे, फक्त आखूड. घरात आम्ही एकीला थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. प्रश्न एवढाच, की थोरली देऊन धाकटी घ्यायची की नाही. बस! लोक देश बदलतात, धर्म बदलतात, नवरे बदलतात, इतका वेळ लागत नाही त्यांना!

विषय काढला आमच्या हिनं. ही फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे माणूस कुठे दाबला की कसा ओरडतो याची तिला पूर्ण माहिती आहे. झालं काय, की आमच्या बिल्डिंगच्या तळघरात आमच्या पार्किंगला एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या वकिलाची गाडी. मधे थोरली बरोब्बर बसते. पण गाडी बसली की आपण उठायचं कसं? दार उघडत नाही! एकोणसाठाव्या वर्षी मी खिडकीतून बाहेर पडत होतो हो, आधी डोकं, मग पोट, मग काही वेळ नुसतंच पोट...

एक दिवस कंटाळलो, म्हटलं दारातूनच उतरायचं. दार उघडलं, ते वकिलाच्या गाडीला टेकलं. टेकलं हं! आणि वकील नेमका समोर. 'डॉक्टर, हा गुन्हा आहे.' मी म्हटलं, 'हा ओरखडा आहे.' 'कलम सांगू?' 'सांगा!' त्यानं कलम सांगितलं नाही. त्यानं माझा आरसा धरला आणि पिरगळला, ओला टॉवेल पिळावा तसा पिळून हातात काढून दिला! मी त्याचा वायपर उपटला. त्यानं माझा टाय धरला, मी त्याचे कान धरले, आणि ही लिफ्टमधून उतरली तेव्हा आम्ही दोघं खांबाभोवती फिरत एकमेकांना लाथा घालत होतो. त्यातल्या निम्म्या खांबाला बसत होत्या. त्याची ढोपरं फुटली, माझ्या पायाचं बोट मोडलं. खांबाला काही झालं नाही.

मी मुळात शांत माणूस आहे, पण खांब माझ्याहून शांत निघाला.

बोटाला पट्टी बांधता बांधता ही म्हणाली, 'अहो, आपण घरात दोघं. मुलगी तिच्या संसारात. एवढी आगगाडी कशाला पाळायची? धाकटी घेऊ. दारातून उतरता येईल तुम्हाला, माणसासारखं.' पटलं मला! सोमवारी पटलं. मंगळवारी नाही पटलं. बुधवारी पुन्हा पटलं, पण गुरुवारी थोरलीत बसून दार लावलं, 'हुप्' झालं, आणि पटलेलं सगळं गेलं. असे सहा आठवडे! पेशंट भूल देऊन आ वासून पडलाय आणि मी विचारतोय, 'तुम्ही काय केलं असतंत?' तो म्हणतो, 'आँ.' आता याचा अर्थ थोरली की धाकटी?

घरात तर युद्ध! मी म्हणायचं, 'धाकटीची डिकी लहान आहे.' की आली उशी! 'थोरलीचं इंजिन दमदार...' की आला माहितीपत्रकांचा गठ्ठा, थेट नाकावर! सहाव्या आठवड्यात मी फक्त 'पण मायलेज' एवढं म्हटलं, एवढंच, पुढचं वाक्य तयारही नव्हतं, तर हिनं हातातली बशी अशी भिरकावली की कानाजवळून वारा आला आणि मागचं घड्याळ फुटलं. अजून ते सव्वाआठच दाखवतंय.

खरं कारण मी तिला सांगितलंच नव्हतं. आता तुम्हाला सांगतो.

आई शेवटची दोन वर्षं डायलिसिसला जायची, सोमवार, बुधवार, शुक्रवार. थोरलीतून. मी पुढे चालवायला, ती मागच्या सीटवर आडवी, आणि तिचे पाय दादाच्या मांडीवर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. येताना ती दमलेली असायची, पण म्हणायची, 'लांबून घे रे गाडी. घरी गेलं की पुन्हा पलंगच आहे.' मग मी लांबून घ्यायचो. आता ती सीट कुणाला तरी देऊन टाकायची? हे मी बोललो का? नाही! बोललो काय? मायलेज! डिकी! पुरुषमाणूस ना!

तर शेवटी हिनं फर्मान काढलं, 'रविवारी धाकटी चालवून बघायची, आणि तिथेच ठरवायचं. भावोजींनाही बोलवा, तुम्ही त्यांचंच ऐकता.' दादाचं ऐकतो म्हणजे काय, ऐकावं लागतं! रिटायर झालेला हेडमास्तर आहे तो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लग्न केलं नाही, गाडी येत नाही, आणि बोलण्याआधी टपली मारायची सवय. पासष्टीचा झाला तरी त्याचं वाक्य टपलीनं सुरू होतं आणि पूर्णविरामही डोक्यातच पडतो.

रविवारी सकाळी निघालो. मी चालवतोय, शेजारी शोरूमची बाई, कोट घातलेली, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता हसणारी. मागे ही आणि दादा.

बाई म्हणाली, 'सर, ही बाहेरून लहान आहे, पण आतून मोठी आहे.'

टप्! 'धाकट्या, माझे गुडघे माझ्या कानाला लागलेत, आणि या म्हणतात आतून मोठी!'

'भावोजी, जरा सरका ना.'

'कुठे सरकू? डिकीत?' टप्! 'इंडिकेटर दे.' टप्! 'खड्डा बघ.' टप्!

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, शब्दशः डोक्यातच, की थोरलीत त्याचा हात माझ्यापर्यंत पोचतच नव्हता! अकरा वर्षं मी सुखात होतो आणि मला पत्ताच नव्हता!

तरी इंडिकेटर दिला, खड्डा चुकवला. मी मुळात शांत माणूस आहे. बाई बोलतच होती, 'सर, गाडी रेषेबाहेर गेली तर ती स्वतःहून आत येते.' आणि मागून दादा एकदम ओरडला, 'आईला कुठे निजवलं असतंस रे यात? सांग ना! घडी घालून नेली असतीस?'

...

मला पुढचं नीट आठवत नाही. एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा मागे गेला. वळून बघितलंही नाही. मूठ बसली आणि कळलं, दात गेला. कोणता तेही कळलं! दादानं काय करावं? माझाच सीटबेल्ट मागून धरला आणि माझ्या गळ्याशी आवळला. मला श्वास येईना, डोळे बाहेर, मी पाय झाडतोय, आणि तो पाय नेमका ॲक्सिलरेटरवर! गाडी रेषेबाहेर गेली, स्वतःहून आत आली, परत बाहेर गेली, परत आत आली... बाई म्हणते, 'बघितलंत सर?' आणि धाड! फुटपाथ चढून कचऱ्याच्या डब्यावर! मी दादाचं मनगट धरलं आणि चावलो. एकतीस वर्षं लोक मला चावत आले, पहिल्यांदा मी चावलो. खरं सांगू? बरं वाटलं.

दादा किंचाळतोय, मी सोडत नाही, तो माझे केस उपटतोय, आहेत किती ते तुम्ही बघताच आहात, आणि तेवढ्यात हिनं दोन हात पुढे घातले. एक अंगठा माझ्या मानेत, एक त्याच्या मानेत. असा काही दाबला की आम्ही दोघंही पोत्यासारखे खाली. हालचाल बंद.

त्या शांततेत बाई म्हणाली, 'सर, ब्लूटूथ दाखवायचं राहिलं.'

मग मागून आवाज आला, दात नसलेला. 'धाकत्या... थोरली विकू नकोश रे.'

मी म्हटलं, 'मला तरी कुठे विकायची आहे, दादा!'

आणि दोघंही रडायला लागलो. पासष्ट आणि एकोणसाठ! रक्त, शेंबूड, सगळं एकत्र. हिनं आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. 'मग सहा आठवडे मायलेज मायलेज काय लावलं होतंत? एकदा आई म्हणता आलं नाही तोंडानं?' आणि पर्स घेतली आणि आम्हा दोघांना बडवलं, मोजून नाही, मनसोक्त. त्या पर्समध्ये तिनं लोखंड ठेवलंय की काय, मी अजून विचारलेलं नाही.

तिथून थेट क्लिनिक. दादाला खुर्चीत बसवलं, भूल दिली, दात बसवायला घेतला. आणि पहिल्यांदाच असं झालं, की तो तोंड उघडून पडलाय आणि त्याला बोलता येत नाही, आणि त्याचे हात खुर्चीच्या हातांवर. मी सगळं बोललो. ती 'लांबून घे' म्हणायची ते. शेवटच्या शुक्रवारी मी घाईत होतो, पेशंट थांबले होते, म्हणून जवळच्या रस्त्यानं आणली, ते पण. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि भूल तर पूर्ण चढली होती, दुखत नव्हतं त्याला.

तोंड धुऊन उठला आणि म्हणाला, 'थोरली मी घेतो.'

'अरे, तुला चालवता कुठे येते?'

टप्! 'माझ्या दारात जागा आहे. उभी राहील. बसेन मागं कधीतरी.'

वाद मिटला! थोरली दादाच्या दारात गेली. धाकटी आमच्याकडे आली, तीच, चेपलेल्या नाकाची, कारण शोरूमनं ती परत घ्यायला नकार दिला. तळघरात दार सताड उघडतं. वकील नमस्कार करतो. ही खूश, मी खूश. इथे संपायला हवं होतं की नाही? पण दादा दोन आठवडे मागच्या सीटवर नुसता बसला आणि मग त्याला वाटलं, की गाडी शिकावी. शिकवणार कोण? मी!

काल सकाळी गेलो. धाकटी त्याच्या फाटकाशी लावली, थोरलीत त्याच्या शेजारी बसलो. म्हटलं, 'दादा, आधी आरशात मागे बघ.' तो म्हणाला, 'मागे कशाला बघू? मला पुढे जायचंय.' आणि गिअरचा दांडा खेचला, पाय दिला दाबून, आणि गाडी अशी सुसाट मागे गेली की मी आरशात माझी धाकटी मोठी होताना बघितली. मोठी, मोठी, आणखी मोठी... धडाम!

थोरलीला ओरखडा नाही. धाकटी मात्र आता बाकाएवढी उरली आहे. दोन माणसं बसतील, शेजारी शेजारी, बोनेटवर.

टप्! 'गाडी मागे कुणी लावली?'

मी काय करणार होतो? हात उचलला नाही. चावलो नाही. मी मुळात शांत माणूस आहे हो. म्हटलं, 'चुकलं माझं, दादा.'

तर आता रिव्हर्स शिकवून झालाय. उद्या सकाळी सातला पुढे जायला शिकवायचंय.